जिथे लाल, तिथे कात्री

४ जून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहूनच तुला वाटलं असेल की याला काहीतरी हवं असणार, तर तुझं वाटणं बरोबर आहे, पण आधी खुशाली सांगतो, म्हणजे आल्या आल्या हात पसरला असं व्हायला नको, तर आम्ही दोघं मजेत आहोत, तुझ्या भावजयीचा गुडघा आता बरा आहे, दुकानातल्या डाव्या खुर्चीचा मात्र बरा नाही, गिऱ्हाईक बसलं की ती आपली हळूहळू खाली जाते, परवा दंतवैद्य दाढीला बसले ते इतके खाली गेले की आरशात नुसतं कपाळ उरलं आणि मी अंदाजानं दाढी केली.

आता मुद्दा. आमची इमारत पाडायची ठरली आहे आणि वर्षअखेरीला दुकान रिकामं करायचं आहे, त्याचं वाईट वाटतंच, पण खरं वाईट मावशीचं वाटतं. तुला माहीत आहे, मी केस कापता कापता एक गोष्ट सांगतो, तिजोऱ्या फोडणारी मावशी उतारवयात बँकेच्या मॅनेजरच्या घरी स्वयंपाकीण म्हणून शिरते, तिच्याजवळ एक पोपट असतो जो कधीच खरं बोलत नाही, आणि एक फौजदार तिच्या मागावर असतो, आधी चोरीसाठी आणि मग वेगळ्याच कारणासाठी, ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगतोय की निम्मी गिऱ्हाइकं केसांसाठी येतात आणि निम्मी मावशीसाठी, आमच्या टकलू वकिलांच्या डोक्यावर तर एक केस नाही, तरी दर शनिवारी येऊन बसतात, मी त्यांच्या गळ्याला टॉवेल गुंडाळतो, हवेत कात्री चालवतो, गोष्ट सांगतो आणि ते मान झटकून समाधानानं उठतात.

दुकान गेलं की मावशीही गेली, हे मला सहन होत नाही. म्हणून मी सगळी गोष्ट कागदावर उतरवली आहे, आणि दुकानाच्या शेवटच्या दिवशी नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात तिचं छापील पुस्तक द्यायचं ठरवलं आहे. प्रकाशक वगैरे नको, माझा मी छापणार.

घोडं अडलं आहे ते संपादकबाईंपाशी. पहिलं प्रकरण वाचून त्यांनी कळवलं, की गोष्टीबद्दल मागाहून बोलू, आधी भाषेचं बघावं लागेल, आणि ते बघायचं तर वाक्यावाक्याला काम आहे. त्याचे पैसे किती होतील ते वाचून मी डाव्या खुर्चीत बसलो आणि खुर्चीबरोबर खाली गेलो. माझ्याजवळ आहे ते एक तर छपाईला पुरेल नाहीतर संपादनाला. बाई मनाच्या चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या की नेहमीच्या चुका तुमच्या तुम्ही काढून आणल्यात तर माझं काम निम्म्याहून कमी होईल आणि पैसेही त्याच मानानं घेईन. तेव्हा मला तुझी आठवण झाली. तू जन्मभर जगाला व्याकरण शिकवलंस, घरातला एक तेवढा राहून गेला. त्याला आता टपालानं शिकव. सोबत पहिलं प्रकरण आहे.

लोभ आहेच, त्यात थोडी लाल शाई मिसळावी.

तुझा,
धाकटा

ता. क. प्रकरण कसं वाटलं?


१२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पहिल्या परिच्छेदात पूर्णविराम सापडला तो थेट शेवटी, आणि तोही बहुधा पेन ठेवताना पडलेला ठिपका असावा. शाळेत व्याकरणाचा तास लागला की तू खिडकीतून उडी मारून पसार व्हायचास. इतक्या वर्षांनी का होईना, दारातून आत आलास, याचा आनंद आहे.

प्रकरण तपासून परत पाठवते आहे. लाल रंग पाहून घाबरू नकोस. शेवटच्या पानांवर रंग जरा गडद आहे, कारण तिथे दुसरं पेन घ्यावं लागलं.

तुझा मुख्य आजार सांगते. तुझ्या वाक्यात कर्ता सकाळी घरातून निघतो आणि क्रियापद भेटेपर्यंत संध्याकाळ होते. वाटेत त्याला पोपट भेटतो, फौजदार भेटतो, पाऊस लागतो, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत निघालं कोण होतं हेच वाचणारा विसरतो. यावर उपाय सोपा आहे. लिहिलेलं मोठ्यानं वाच आणि जिथे दम लागेल तिथे पूर्णविराम दे. दुसरा आजार 'तो'चा. त्याने त्याला सांगितले की त्याचा पोपट त्याच्याकडे आहे, हे वाक्य समजून घ्यायला मी समासात चार बाहुल्या काढल्या, त्यांच्यात बाण काढले, तरी पोपट कुणाचा ते कळलं नाही. आणि सगळं एका दमात सुधारायला जाऊ नकोस. एका खेपेला नुसती लांबलचक वाक्यं तोड. दुसऱ्या खेपेला कोण कुणाला म्हणालं ते बघ. ऱ्हस्वदीर्घ सगळ्यात शेवटी, तोवर ते कुठे पळून जात नाहीत.

प्रकरण कसं वाटलं, असं तू विचारलं आहेस. ते माझं काम नव्हे. चुकलेलं असेल ते दाखवायचं आणि बरोबर असेल तिथे गप्प बसायचं, अशी माझी पद्धत. माझं गप्प बसणं हीच शाबासकी असते, हे वर्गातल्या मुलांना न सांगता कळायचं. निदान मला तरी तसं वाटतं.

पुढची प्रकरणं सवडीनं पाठव. घाई अजिबात नाही. फक्त पोपट खोटं बोलला हे फौजदाराला कळतं की नाही, तेवढा भाग लवकर आला तर बरं, म्हणजे वाक्यरचना सलग तपासता येईल.

माझा लोभ जुनाच आहे, पेन तेवढं नवीन घेतलं.

ताई


२० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे शेरे मिळाले. मी आता शहाणा झालो आहे. रोज दुकान उघडण्याआधी आरशासमोर उभा राहून एक पान मोठ्यानं वाचतो. दम लागला की थांबतो आणि पूर्णविराम देतो. पहिल्या दिवशी इतका दम लागला की शेजारच्या बेकरीवाल्यानं पाणी आणून दिलं.

गिऱ्हाइकांनाही फायदा होतो आहे. काल दंतवैद्य एक वाक्य अर्धवट सोडून डुलक्या घ्यायला लागले. मी गळ्यावर वस्तरा तसाच ठेवून त्यांना वाक्य पूर्ण करायला लावलं. त्यांनी कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी घातलं.

शिवाय मला माझी स्वतःची एक युक्ती सापडली आहे. आमच्या धंद्यात एक कल्ला लांब दिसला की आम्ही विचार करत बसत नाही, कापतो. मग दुसरा लांब दिसतो. तोही कापतो. तीच रीत इथे लावली. जिथे लाल, तिथे कात्री. तुझी खूण असलेलं वाक्य सुधारत बसण्यापेक्षा काढलेलंच बरं. बँकेच्या मॅनेजरचं एक लांबलचक भाषण होतं, त्याच्यावर तू पुष्कळ रागावली होतीस. भाषण काढलं. मग मॅनेजर नुसताच उभा राहिला. मग मॅनेजरही काढला.

लाल कमी होतं आहे, हे तुझ्याही लक्षात येईल. लोभ मात्र कमी करू नये.

धाकटा


५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

प्रकरणं पोचली. खुणा खरंच कमी झाल्या आहेत. या वेळी एकाच पेनात काम भागलं.

एक बारीकशी शंका. सहाव्या प्रकरणापासून पोपट कुठे दिसत नाही. मी हे निव्वळ व्याकरणाच्या दृष्टीनं विचारते आहे. आमच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी परवा जिन्यात सहज विषय काढला. त्यांना पोपटाबद्दल कसं कळलं ते ठाऊक नाही, माझ्या हातून एखादं पान जिन्यात मोठ्यानं वाचलं गेलं असेल. खालच्या घड्याळजींनीही विचारलं. फौजदार मावशीच्या हातचं जेवून गेला, तेव्हा त्यानं ताट स्वतः उचलून ठेवलं होतं, त्याचं पुढे काय झालं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की मी फक्त चुका बघते.

तब्येत सांभाळ. उत्तर लवकर दे. मी म्हणजे, घड्याळजी वाट बघताहेत. लोभाचं नेहमीसारखंच.

ताई


१ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. वाचलं. पोपट काढला. तो फार बोलायचा. बोलला की चुका व्हायच्या. फौजदार आहे. तो गप्प असतो. ताट काढलं. मी बरा आहे. ही बरी आहे. लोभ आहे. असू दे.

धाकटा


१८ सप्टेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. यांच्या नजरेला पडलं तर यावरही कात्री चालेल आणि तुमच्यापर्यंत नुसतं पाकीट पोचेल.

वन्सं, तुमच्या भावाची बोलती बंद झाली आहे. भाजी कशी झाली म्हणून विचारलं, तर आधी मनात वाक्य जुळवतात, ओठ हलवून बघतात, आणि मग नुसतं बरी म्हणतात. भाजी तोवर गार होते. दुकानात तर विचारूच नका. तोंड उघडलं तर चूक होईल, म्हणून गोष्ट सांगणंच सोडलं आहे. कात्रीचा तेवढा आवाज येतो. गेल्या शनिवारी वकीलसाहेब येऊन बसले, टॉवेल बांधला, हवेत कात्री चालू झाली, गोष्ट काही येईना. बऱ्याच वेळानं त्यांनी आरशातल्या स्वतःच्या टकलाकडे बघत विचारलं, की मग आपण दोघं इथे नक्की काय करतो आहोत. ते पैसे ठेवून गेले आणि या शनिवारी आले नाहीत.

आता खरी गंमत ऐका. कादंबरी संपादकबाईंकडे गेली होती. त्यांनी कळवलं, की माझ्या पैशांचा आता प्रश्नच नाही, कारण तपासण्यासारखं काही राहिलेलंच नाही. सबंध लिखाणात एक चूक नाही, त्याबद्दल अभिनंदन. पण आधी या गोष्टीत एक पोपट होता असं मला आठवतं. यांनी पत्राचा पहिला अर्धा भाग घरभर वाचून दाखवला, आणि दुसरा यांच्या कानातच शिरला नाही. छापखान्याशी बोलून आले आहेत.

कादंबरी याच पाकिटात घातली आहे. चुकून एखादं पान राहिलं असं समजू नका, ती संपूर्ण आहे. जादा तिकीट लागलं नाही. मावशी आली, तिने तिजोरी उघडली, ती गेली, अशी सुरुवात आहे, आणि शेवट म्हणाल तर तोही साधारण तिथेच आहे.

तुम्ही म्हणाल, जुनी पानं शोध. मीही शोधली. ती वस्तऱ्याला लागली. दाढी करताना वस्तऱ्यावरचा फेस पुसायला हे कागदाचे चौकोन कापून ठेवतात, पूर्वी रद्दीचे असायचे, या दोन महिन्यांत कादंबरीचे. तुमच्या लाल खुणांची पानं सगळ्यात आधी गेली. मावशी पहिल्यांदा मॅनेजरच्या स्वयंपाकघरात शिरते ते आख्खं प्रकरण बेकरीवाल्याच्या गालांना लागलं. माणूस गुळगुळीत झाला, पण मावशी गेली.

मला व्याकरणातलं काही कळत नाही. पण हे गोष्ट लिहीत असताना मी आतल्या खोलीत असायचे, आणि बाहेरून यांचं हसू ऐकू यायचं. एकटेच लिहायचे आणि एकटेच हसायचे. वन्सं, मला ते हसू परत हवं आहे, व्याकरण तुमचं तुम्ही ठेवून घ्या. लहानपणापासून तुमच्या एका शब्दावर ते उठतात आणि बसतात. तो शब्द जरा चांगलासा टाका.

रागावू नये. रागावलात तरी लोभ ठेवून रागावावं.

तुमची,
भावजय


२३ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

तुझी कादंबरी वाचली. दारातच उभ्या उभ्या वाचली. वाचून झाली तेव्हा पोस्टमन अजून जिना उतरत होता.

एकही चूक नाही. इतका राग मला माझ्या सबंध नोकरीत आला नव्हता. अरे मूर्खा, लाल खूण म्हणजे इथे नीट कर असा अर्थ, इथे ठार मार असा नव्हे! गिऱ्हाइकाच्या डोक्यात कोंडा दिसला तर तू त्याचं डोकं उडवतोस का? मी चार बाहुल्या काढल्या, बाण काढले, ते कशासाठी? पोपट कुणाचा ते मला कळायला हवं होतं म्हणून! मला जीव तोडून कळायला हवं होतं. ज्या पानांवर सगळ्यात जास्त लाल आहे, ती पानं मी दोनदोनदा वाचली होती. कंटाळवाणी पानं मी कधी इतकी बारकाईनं वाचते का? ज्या मुलाची वही मला आवडायची नाही, तिच्यावर मी नुसती सही करून मोकळी व्हायचे.

आमच्या मजल्यावर रोज संध्याकाळी जिन्यात खुर्च्या मांडल्या जातात. नर्सबाई, घड्याळजी, त्यांची सून आणि समोरचे बहिरे आजोबा, ज्यांना मी ओरडून वाचून दाखवते. होय, मीच वाचते. त्यांना मी सांगितलं, की पोपट गेला. नर्सबाईंनी विचारलं, कशानं? आता त्यांना काय सांगू, विरामचिन्हांनी? फौजदारानं ताट उचललं, त्यावर घड्याळजींची सून रडली होती. तू ते ताट कापलंस. तिला काय तोंड दाखवू?

मंगळवारच्या बसनं मी येते आहे. दुकानातल्या कोपऱ्यातल्या बाकावर बसेन. तू हातात कात्री घ्यायची आणि पहिल्यासारखी गोष्ट सांगायची, लांबच लांब, पोपटासकट, मॅनेजरच्या भाषणासकट. मी लिहून घेईन. विसरलास तर गिऱ्हाइकं आठवण करून देतील, त्यांनी वर्षानुवर्षं फुकट थोडंच ऐकलं आहे. आणि रोज दुकान मिटलं की तीच पानं तू मोठ्यानं वाचायचीस आणि तुझ्या चुका तू शोधायच्यास. मी फक्त बोट ठेवीन. सुधारायचं तू. कापायचं कुणीच नाही.

लाल पेन घरी ठेवून येते आहे. वकीलसाहेबांना शनिवारचा निरोप दे.

आशीर्वाद आता घे. लोभ एवढा आहे म्हणूनच ओरडते आहे.

ताई


३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून कोपऱ्यातल्या बाकावर कुणी बसलं नाही. एकदा बेकरीवाला चुकून बसायला गेला, तर वकीलसाहेबांनी त्याला उठवलं.

सगळं सविस्तर कळवतो. तू लिहून घेतलेला आणि मी मोठ्यानं वाचून वाचून सुधारलेला मजकूर संपादकबाईंकडे गेला. त्यांनी आठवड्याभरात परत दिला आणि इतके थोडे पैसे सांगितले की मी तडक जाऊन डाव्या खुर्चीचा पंप दुरुस्त करून घेतला. त्या म्हणाल्या, की वाक्यं अजून लांब आहेत, पण आता त्यांतून चालताना रस्ता दिसतो. 'तो' कोण हे सगळीकडे कळतं. पोपट परत आल्याचा त्यांना फार आनंद झाला.

पुस्तकं दुकानाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आली. मी गठ्ठा आरशाखाली ठेवला आणि एकेकाच्या हातात देत गेलो. वाटलं होतं, चार चांगले शब्द ऐकायला मिळतील. झालं भलतंच. प्रत्येकाला आजवर आपापल्या वाराचीच गोष्ट माहीत होती. बुधवारच्या दंतवैद्यांनी उभ्यानंच पानं चाळली आणि त्यांना कळलं, की शनिवारवाल्यांना मी एक आख्खं प्रेमप्रकरण सांगत आलो आणि त्यांना मात्र नुसत्या तिजोऱ्या. ते वकिलांशी भांडायला लागले. वकिलांना पोपट मुळात चोरीचा हे ठाऊक नव्हतं, ते माझ्याशी भांडायला लागले. बेकरीवाला म्हणाला, की त्याला यातलं बरंच आठवतं, पण साबणाच्या वासासकट. संध्याकाळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि केस कुणीच कापून घेतले नाहीत.

ही कोपऱ्यात उभी होती. मी हसतो आहे हे तिनंच मला सांगितलं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दुकान आता बंद आहे. डावी खुर्ची मात्र मी घरी आणली आहे. पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवली. पहिल्याच शनिवारी वकीलसाहेब आले, बसले, आणि मान पुढे करून म्हणाले की मागून जरा बारीक करा. मी टॉवेल बांधला.

तुला पुस्तक वेगळ्या टपालानं पाठवलं आहे. कसं वाटलं, असं या वेळी विचारत नाही. तू गप्प राहिलीस तर शाबासकी समजेन.

लोभ वाढता असावा, तो लांबलचक झाला तरी चालेल.

तुझा,
धाकटा


११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पुस्तक मिळालं. जिन्यातल्या मंडळींना सांगितलं की आज वाचन नाही, दार लावून घेतलं, आणि सवयीप्रमाणे लाल पेन हातात घेऊन बसले.

तुझ्या मॅनेजरचं भाषण अजूनही फार लांब आहे. पण मध्येच पोपट त्याच्या पुढची वाक्यं त्याच्या आधी म्हणून टाकतो, तिथे मी इतकी हसले की भिंतीपलीकडून नर्सबाईंनी ठोकून विचारलं, बरी आहेस ना. फौजदारानं ताट उचललं, तिथे मी थांबले आणि पाणी प्यायले. शेवटी मावशी पिंजऱ्याचं दार उघडून देते, पोपट उडून जातो, आणि संध्याकाळी आपण होऊन परत येऊन जन्मात पहिल्यांदा खरं बोलतो, तिथे मला काही दिसेना. चष्मा पुसायला पेन खाली ठेवलं, तेव्हा लक्षात आलं की मी त्याचं टोपण काढलंच नव्हतं.

धाकट्या, पुस्तक छान आहे. फार छान आहे. हा शब्द लिहायचा हाताला सराव नाही, म्हणून आधी कच्च्या कागदावर दोनदा लिहून बघितला.

घड्याळजींच्या सुनेनं पुस्तक पळवलं आहे. तेव्हा आणखी चार प्रती पाठव, आणि बहिऱ्या आजोबांसाठी एक मोठ्या अक्षरातली मिळते का ते बघ, माझा घसा बसला आहे. भावजयीला सांग, तिनं मागितलेला शब्द पाठवला आहे.

लोभ पहिल्यापासून होता. यापुढे बोलूनही दाखवत जाईन.

ताई

ता. क. हे पत्र जपून ठेव. वस्तरा टॉवेलला पूस.